सिनेमाचा अभ्यास करू की थेट नाटकात उतरू?

पेटीवाल्याचा मुलगा, कुडाळ: मी टीवायबीएला आहे. बाबा दशावतारी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे लहानपणापासून जत्रेतली नाटकं रात्र रात्र जागून पाहिली. यंदा राज्य नाट्य स्पर्धेत छोटी भूमिका केली. मला पुढे सिनेमाचा अभ्यास करायचाय आणि कामही करायचंय. घरचे म्हणतात, नट व्हायचंय तर मुंबई गाठ, सिनेमावर निबंध लिहिणाऱ्याला काम कोण देतो? माझी वर्षं खरंच वाया जातील का?

रत्नागिरीची ताई: नाही जाणार. माझंच सांगते. कॉलेजात एकांकिका गाजवल्या, आवाज खणखणीत. पहिल्या मालिकेत तीन वाक्यांचं काम होतं, त्याला अकरा टेक झाले. काय चुकतंय तेच कळेना. घरी येऊन खूप रडले.

पुढे पुण्याला सिनेमाच्या रसास्वादाचा अभ्यासक्रम केला. सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था एफटीआयआय आणि जुने सिनेमे जपणारं फिल्म अर्काइव्ह मिळून तो घेतात. प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 साली सुरू झालेली तीच ती एफटीआयआय. तिथे सरांनी एक प्रसंग आवाज बंद करून चारदा दाखवला. बाई दाराकडे बघते. कट. रिकामं दार. पुन्हा बाई. माझ्या पोटात कालवलं, आणि तिचा चेहरा तर जवळजवळ कोराच होता! वाट पाहणं त्या दोन शॉटच्या जोडणीत होतं. रशियातल्या कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने हेच शंभरेक वर्षांपूर्वी प्रयोगातून दाखवलं होतं. मी मालिकेत दार, वाट आणि रडू, सगळं एकट्या चेहऱ्यावर आणत होते, तेही नाटकातल्या शेवटच्या रांगेसाठी.

रंगमंचावर मात्र कट करणारं कुणी नसतं. प्रेक्षकाची नजर आपणच फिरवायची. हा फरक मला अभ्यासाने दिला, म्हणून आज दोन्हीकडे उभी राहू शकते. पैशाचं म्हणशील तर सकाळी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, शनिवार-रविवार प्रयोग. ओढाताण होते, पण होतं.

आणि तुझा प्रबंधाचा विषय तर घरातच आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट उत्स्फूर्त बोलतात. एक बाकडं, त्याचंच सिंहासन होतं. तेच बाकडं कॅमेऱ्याने जवळून टिपलं तर काय उरतं? यावर लिही.

मालवणचो: झिला, शिकाक जा. पण जत्रेच्या दिवसांत गावात ये, बापाशीच्या बाजूक बस.

कलिना रिटर्न: आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखालीच येतात. कलिन्याला त्यांची थिएटर आर्ट्स अकादमी आहे, दोन वर्षांचा एमए. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्रही आहे. प्रवेशाला प्रात्यक्षिक असतं, तेव्हा स्पर्धेतला उतारा पाठ ठेव.

पेटीवाल्याचा मुलगा: ताई, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सिंहासन बाकड्याचं होत नाही, राजा बसायच्या आधी मी पेटीवर जो सूर धरतो त्याचं होतं. ते आता वहीत लिहून ठेवलंय.