निकाल आधीच ठरलेला असतो, मग मॅचला मार्क कशाचे द्यायचे? (रेसलमेनिया ४१, दोन्ही रात्री)

महालचा_मुलगा

नमस्कार मंडळी. लास व्हेगासला २०२५ चं रेसलमेनिया झालं, म्हणजे WWE या अमेरिकन प्रो रेसलिंग (ठरवून खेळायच्या कुस्तीच्या) कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. आपल्याकडे ते रविवार २० आणि सोमवार २१ एप्रिलला पहाटे साडेचारला सुरू झालं. नागपूरचा एप्रिल, त्या वेळीही कूलर बंद करवत नाही, म्हणून आवाज वाढवून पाहिलं. पहिल्या दिवशी मी आणि अकरा वर्षांचा भाचा. दुसऱ्या दिवशी बाबाही येऊन बसले. हा प्रश्न त्यांच्यामुळेच पडला आहे.

माझ्याकडे शाळेपासूनची एक वही आहे. प्रत्येक मॅचला दहापैकी मार्क आणि मार्क का दिले याच्या दोन ओळी. दोन मित्रही आपापले मार्क लिहितात आणि मग आम्ही भांडतो. या वेळची वही अशी:

पहिल्या रात्रीची सुरुवात जे उसो आणि गुंथरने झाली. सात. जानेवारीत जे याच गुंथरकडून हरला होता, फेब्रुवारीत रॉयल रंबल (अनेक जणांची एकत्र मॅच, जिंकणाऱ्याला रेसलमेनियात पट्ट्यासाठी लढायला मिळतं) जिंकून पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला. शेवटी त्याने गुंथरला गुंथरच्याच स्लीपरमध्ये, म्हणजे गळ्याच्या पकडीत, आवळून टॅप करायला (हात आपटून हार मानायला) लावलं. ज्या पकडीने तो माणूस लोकांचा श्वास कोंडतो त्याच पकडीत त्याचा हात गादीवर आपटताना पाहिला आणि मला समाधान वाटलं. मधलं बरंचसं सांगण्यासारखं नाही. मेन इव्हेंट, म्हणजे रात्रीची मुख्य मॅच, सीएम पंक, रोमन रेन्स आणि सेथ रोलिन्स, साडेआठ. मॅनेजर पॉल हेमनने आधी पंकला दगा दिला, मग रोमनला. पंक पहिल्यांदाच रेसलमेनियाच्या मेन इव्हेंटला आला होता आणि तिथेच त्याला जुन्या मित्राने पाडलं. भाचा दहा मिनिटं बोलला नाही.

दुसरी रात्र. पहिलीच मॅच इयो स्काय, बियांका बेलेअर आणि रिया रिपली. साडेनऊ. वहीत इतके मार्क मी फार कमी वेळा दिले आहेत. मॅकइंटायर आणि प्रीस्ट सात. डॉमिनिकने इंटरकॉन्टिनेंटल विजेतेपदाचा पट्टा जिंकला तेव्हा भाचा पलंगावर उभा राहिला, साडेसात. ऑर्टन आणि जो हेंड्री मी चहा ठेवायला गेलो तेवढ्यात आटोपलं. आणि शेवटी जॉन सीना आणि कोडी रोड्स. चार.

भांडण या चारवरून सुरू झालं. एक मित्र म्हणतो, सीनाचं सतरावं विजेतेपद आहे, रिक फ्लेअरचा सोळाचा आकडा मोडला, इतिहास घडला, दहापैकी दहा. मी म्हणतो, इतिहास पट्ट्याचा झाला, मॅचचा नाही. पंचवीस मिनिटांच्या आसपासची ती मॅच अर्धा वेळ चालतच नव्हती, आणि ऐन शेवटी एक रॅपर येऊन मध्ये पडला.

आता बाबांचं. बाबा तरुणपणी नागपूरच्या महाल भागातल्या आखाड्यात मेहनत करायचे. नागपंचमीच्या दंगलीत लढलेले आहेत. अजूनही साडेचारला उठून जोर-बैठका काढतात. सोमवारी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे राहिले आणि इयो स्कायची पूर्ण मॅच पाहिली. मध्ये एकदाच बोलले, ‘ही पोरगी पडते चांगली.’ बस. मॅच संपल्यावर माझी वही पाहिली आणि विचारलं, ‘कोण जिंकणार हे यांचं आधी ठरलेलं असतं ना? आमच्यात त्याला नुरा कुस्ती म्हणतात. त्यात पैलवानाला लोक आखाड्यातून हाकलतात. तू मार्क कशाचे देतोस?’

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं वही लिहितो आहे आणि उत्तर नाही, हे मनाला लागलं. तुम्ही मार्क देताना नेमकं काय पाहता? कोडी-सीनाला चार देण्यात माझं चुकलं का?

धरमपेठ_केबलवाले_दिवस

तुमच्या बाबांचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नागपुरातच आहे. पोळ्याच्या पाडव्याला मारबत (वाईटाचा मोठा पुतळा) निघते. काळी आणि पिवळी दोन्ही शेवटी जाळणार आहेत हे पोरासोरांना माहीत असतं. म्हणून कोणी घरी बसतं का? इतवारीत उभं राहायला जागा नसते आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडून घसे बसतात. शेवट माहीत असणं आणि शेवटपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्क पोचण्याला द्यायचे.

नुरा कुस्ती वाईट का? कारण तिथे प्रेक्षकाला खरी लढत म्हणून बोलावलेलं असतं आणि फसवलं जातं. इथे कोणी फसवत नाही. बाबांना दारासिंगबद्दल विचारा. किंग काँग नावाच्या पैलवानाबरोबरच्या त्यांच्या कुस्त्या याच फ्री स्टाइल प्रकारातल्या, तिकीट काढून पाहायच्या. १९६८ साली मुंबईत त्यांनी लू थेझला हरवून जागतिक किताब घेतला, तोही याच व्यवसायातला. म्हणून दारासिंग खोटे ठरले का? त्यांचं शरीर, मेहनत, लोकांवरची पकड, सगळं खरंच होतं.

आता माझी पद्धत सांगतो. मी जिंकणाऱ्याकडे कमी पाहतो, हरणाऱ्याकडे जास्त. १९९७ चं रेसलमेनिया १३ काढा. ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन, सबमिशन मॅच (समोरचा हार मानेपर्यंत), पंच केन शॅमरॉक. ऑस्टिन हरला. पण कसा? शार्पशूटरमध्ये (पाय अडकवून पाठ वाकवणाऱ्या पकडीत) अडकलेला, कपाळातून रक्त चेहऱ्यावर उतरून दातांपर्यंत आलेलं, ओरडतो आहे आणि हार मानत नाही. शुद्ध गेली तेव्हा शॅमरॉकने मॅच थांबवली. त्याने टॅप केलंच नाही. घंटेनंतरही ब्रेट मारत राहिला, आणि एकाच मॅचमध्ये नायक खलनायक झाला आणि खलनायक नायक. ऑस्टिन कोणाचा आधार न घेता लंगडत गेला. तो निकाल आधी ठरलेला होता, तरी मी आजही ती मॅच बसून पाहू शकत नाही, उठून उभा राहतो.

म्हणून तुमच्या चारला माझा आक्षेप आहे, पण वेगळ्या कारणाने. कोडी कसा हरला हे तुम्ही लिहिलंच नाही. पट्टा त्याच्या हातात होता, पंच पडलेला होता, मारू शकत होता. त्याने मारलं नाही. मग सीनाने खालून वार केला आणि तोच पट्टा डोक्यात घातला. त्या अर्ध्या मिनिटाचे दोन मार्क मी वेगळे देईन.

सक्करदरा_स्टॉप

काहून भाऊ, चार? मले नाही पटलं. सीना हळू खेळून राह्यला म्हणता, पण तो या मॅचमध्ये हील, म्हणजे खलनायक, होता ना! १ मार्चला टोरांटोत त्यानं कोडीले लाथ मारली तेव्हापासून लोकांना मजा येऊ द्यायचीच नाही हेच त्याचं काम होतं. वीस-बावीस वर्षं लोकांसाठी पळला, मग मुद्दाम पळला नाही. सतरावा पट्टा त्यानं चोरूनच घ्यायला पाहिजे होता, म्हणजे तो लोकांच्या मनाले लागते. चूक फक्त रॅपरची. जो कुस्ती खेळणाराच नाही तो मध्ये कशाले? टोरांटोत सोबत असलेला रॉक तर आलाच नाही. माझे सहा.

ज्युदो_कॉलेजवाली

बाबांचं ‘ही पोरगी पडते चांगली’ हे वाक्य वाचून मी लिहायला बसले. या धाग्यातलं सगळ्यात जाणकार परीक्षण तेच आहे.

मी कॉलेजात तीन वर्षं ज्युदो केलं. पहिले दीड महिने आम्हाला फक्त पडायला शिकवलं होतं. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं आपटत नाही, पाठ गोल ठेवायची म्हणजे मार एका जागी बसत नाही, आणि हात गादीवर जोरात आपटायचे. प्रो रेसलिंगच्या शाळेतही पहिला धडा हाच असतो, त्याला ते बंप म्हणतात. लोकांना वाटतं खाली मऊ गादी असते. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि ताणलेलं कॅनव्हास. त्यावर एका रात्रीत पंचवीस वेळा पडा, मग ठरलेलं म्हणजे काय ते कळेल. निकाल ठरवता येतो, पाठीला बसणारा मार ठरवून कमी होत नाही.

आता इयोचा मूनसॉल्ट. ती सर्वांत वरच्या दोरावर चढते, समोरच्याकडे पाठ करते आणि मागे उलटी उडते. उडताना सुरुवातीला तिला खाली कोण कुठे आहे ते दिसत नाही. खालचीने योग्य जागी पडून राहायचं, शेवटच्या क्षणी अंग चोरायचं नाही, आणि वरून येणारं वजन छातीवर आणि हातांवर घ्यायचं. खालची वीतभर सरकली तरी वरचीचे गुडघे खालचीच्या चेहऱ्यावर येतात, नाहीतर वरचीची मान जाते. इयो २००७ पासून हे काम करते आहे, आधी जपानमध्ये. तो सफाईदारपणा अठरा वर्षांच्या सवयीतून येतो. तुम्ही साडेनऊ मार्क इयोला दिलेत असं वाटतं. त्यातले निम्मे बियांकाला द्या. पिन तिची झाली, म्हणजे खांदे गादीला टेकून हरली तीच, आणि मूनसॉल्टखाली ती स्थिर पडून राहिली म्हणून ती मॅच सुंदर संपली.

गोष्टही चांगली रचली होती. आधीचे कित्येक आठवडे रिया आणि बियांका एकमेकींशीच भांडत होत्या, चॅम्पियन इयोला कोणी मोजतच नव्हतं. लहान चणीची मुलगी दोन धिप्पाड बायकांच्या मध्ये उभी, आणि दोघी तिच्या डोक्यावरून एकमेकींना पाहतात. मग तीच जिंकते. मी ऑफिसला जायच्या आधी पाहिलं आणि दिवसभर बरं वाटत होतं.

सीनाबद्दल माझं मत तुमच्यासारखंच आहे. हील हळू खेळतो हे मान्य. पण हळू खेळताना समोरच्याची तगमग दिसली पाहिजे. इथे कोडीही हळूच होता.

महालचा_मुलगा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. मारबतीपाशी हसले. दारासिंगपाशी गप्प झाले, मग म्हणाले की किंग काँगच्या कुस्त्यांच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या वस्तादांच्या तोंडून ऐकल्या आणि वस्ताद कधीच वाईट बोलले नाहीत. पडण्याचं वाचलं तेव्हा त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, आखाड्यातही नव्या पोराला आधी मातीत पडू द्यायचे, धोबीपछाड शिकवायच्या आधी धोबीपछाड खायला शिकवायचे. खाणारा भ्यायला की दोघांनाही लागतं. ‘यांचंही तसंच आहे म्हण की,’ एवढं म्हणून झोपायला गेले.

वहीत दुरुस्ती केली आहे. इयोची मॅच साडेनऊच, पण दोन ओळी खोडून नव्याने लिहिल्या, पहिल्या ओळीत बियांकाचं नाव आहे. कोडी-सीना चारचे साडेपाच. सहा नाही देणार, सक्करदरावाले भाऊ, तुमचं चोरून घेण्याचं म्हणणं पटलं, पण कोडीने पट्टा खाली टाकला तो क्षण रॅपरच्या गोंधळानंतर आला आणि तोवर माझं लक्ष उडालेलं होतं. ती मॅचची चूक आहे. जे-गुंथर सातचे साडेसात केले, कारण आता कळलं की मला जेपेक्षा गुंथरच जास्त आवडला होता. इतक्या गर्विष्ठ माणसाने इतकं स्वच्छ हरणं सोपं नाही.

धरमपेठवाले काका, बाबांना एखादी पूर्ण मॅच बसून दाखवायची आहे. ब्रेट-ऑस्टिनचं रक्त त्यांना नको वाटेल. मी १९८७ च्या रेसलमेनिया ३ मधली रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोटची निवडली आहे. सॅव्हेजने ती आधी पावलापावलाने लिहून काढली होती आणि स्टीमबोटकडून पाठ करून घेतली होती. म्हणजे निकालच काय, सगळंच ठरलेलं. बाबांना हे आधी सांगणार आहे, मग मॅच लावणार. रविवारी सकाळी, तर्री पोहे आणून. वही आणि पेन त्यांच्या हातात देतो. मार्क इथे टाकतो.

धरमपेठ_केबलवाले_दिवस

उत्तम निवड. मॅचच्या आधीचा भागही दाखवा, सॅव्हेज घंटेने स्टीमबोटचा गळा चेचतो तो. त्याशिवाय मॅचमध्ये स्टीमबोट त्याचा गळा धरून उचलतो तेव्हा लोक का उठतात ते कळणार नाही. आणि बाबा बोलले तर मध्ये थांबवू नका, लिहून घ्या.