जनुक मुकं करायचं, गप्प करायचं की बंद पाडायचं?

ऐरोलीवाला: विज्ञान प्रदर्शनाच्या पोस्टरचा मराठी मजकूर करतोय, ठाण्यातच लागणारे. विषय डीएनएझाइम, म्हणजे डीएनएचा छोटासा तुकडा जो रोगाला कारण असलेल्या जनुकाचा आरएनए (जनुकाची नक्कल, तिच्यावरूनच प्रथिन बनतं) कापतो. मी 'जीन सायलेन्सिंग'ला 'जनुक मुकं करणे' लिहिलं तर सासूबाई म्हणतात मुका माणूस जन्मापासूनचा, तुम्ही तर बोलत्याचं तोंड बंद करताय. काय लिहू?

कळव्याची_कैरी: शमन? पुस्तकी वाटेल पण चुकीचं नाही.

वागळे_इस्टेट: शमन पित्ताचं होतं हो. 'बंद पाडणे' लिहा सरळ, आमच्याकडे कंपन्या बंद पडल्या तसं, कुणाला समजवायला नको.

पिपेटवाली: बंद पाडणे नको प्लीज. जनुकाला कुणी हातच लावत नाही, त्याचा आरएनए बनतच राहतो, फक्त त्याचं प्रथिन व्हायच्या आत तो कापला जातो. १९९७ चा सँटोरो आणि जॉइस या शास्त्रज्ञांचा '१०-२३' हा डीएनएझाइम घ्या (प्रयोगशाळेतल्या निवडीच्या दहाव्या फेरीतला तेविसावा क्लोन म्हणून हे नाव, कसलं मस्त आहे), त्याचे दोन हात आरएनएला चिकटतात, मधला १५ अक्षरांचा भाग कापतो आणि मोकळा होऊन पुढचा आरएनए पकडतो. गप्प करणे चालेल.

घंटाळीकर: गप्प वगैरे ठीक, पण डीएनएझाइममध्ये एन्झाइम कशाला? विकर आहे, वितंचक आहे. संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण, माझ्या मते वितंचक त्याच्याच घरातला.

पिपेटवाली: काका विरजणात जिवंत जंतू असतात. आणि डीएनएझाइम नेहमीच्या एन्झाइमसारखा प्रथिनच नाहीये, गंमत तीच आहे ना, आरएनए स्वतः उत्प्रेरक असतो हे दाखवलं म्हणून टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमनना १९८९ चं नोबेल मिळालं, डीएनएचं तर १९९४ पर्यंत कुणाला जमलं नव्हतं.

घंटाळीकर: उत्प्रेरक चालतो आणि विकर चालत नाही, हा कुठला न्याय?

कळव्याची_कैरी: काका, नववीची पोरं वाचणारेत. त्यांच्या तोंडी एन्झाइमच आहे.

घंटाळीकर: पोरांच्या तोंडी उद्या काहीही असेल, तेही छापा.

वागळे_इस्टेट: प्रदर्शन तलावपालीला का?

घंटाळीकर: तलावपाळी! पाळ म्हणजे तळ्याचा काठ.

वागळे_इस्टेट: आमच्या बसचे कंडक्टर कायम पालीच म्हणायचे, त्यांचं कोण चुकीचं धरणार.