मदत हवी आहे: मोठ्या भावाला एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) मीटिंगला जायचंय, सुरुवात कुठून करायची? (पिंपरी-चिंचवड)

शमीचं_झाड:
दादा ४२ वर्षांचा, चाकणला शिफ्टची नोकरी. रोज दोन क्वार्टर, सुट्टीला सकाळपासूनच. सकाळी हात थरथरतात, घोटभर पोटात गेली की थांबतात. काल स्वतःच म्हणाला, "एकदा एएला जाऊन बघतो." नेटवर मिळालेला पत्ता एका शाळेचा निघाला. दुपारी जाऊन विचारलं तर शिपाई म्हणाला, इथं असलं काही नसतं. मीटिंग नक्की शोधायची कशी? वहिनी सोबत गेली तर चालतं का? फी किती? कंपनीत कळेल का?

तुळस_वृंदावन:
ताई, मीटिंगला आज संध्याकाळीच जाऊ द्या. पण सकाळची थरथर आहे, म्हणून दारू एका झटक्यात बंद करायला लावू नका. सोडण्याआधी डॉक्टर. रोज इतकी घेणाऱ्याची दारू अचानक तुटली की ६ ते १२ तासांत घाम, मळमळ, थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होणं, माणसं न ओळखणं, ताप असं काही दिसलं तर थेट इस्पितळ, रात्रीचे दोन वाजले असले तरी. त्यात जीव जाऊ शकतो. पूर्वी कधी फिट आली असेल तर घरी सोडवायचा प्रयत्नच नको, दाखल करा. पुण्याच्या ससूनमध्ये किंवा पिंपरीच्या वायसीएम इस्पितळात मानसोपचार विभागात दाखवा. काही दिवस कमी करत न्यायच्या गोळ्या आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तेच ठरवून देतील. त्या गोळ्यांवर दारू घ्यायची नाही, हे दादाला समोर बसवून सांगा.

पायरी_पायरीने:
शिपायाचं चुकलं नाही. बहुतेक गटांची स्वतःची जागा नसते. शाळेचा एखादा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्यातली खोली, तीही संध्याकाळपुरती. दुपारच्या माणसाला त्याची खबरही नसते. शाळेला सुट्टी लागली, परीक्षा आली किंवा निवडणुकीत शाळेचं मतदान केंद्र झालं की मीटिंग दुसरीकडे हलते, आणि नेटवरची यादी मात्र जुनीच राहते. म्हणून यादीतला पत्ता नव्हे, हेल्पलाइनचा नंबर कामाचा. एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. त्यांच्या संकेतस्थळावर शहरवार नंबर मिळतात.

फोन दादानेच करायचा, हे महत्त्वाचं. पलीकडे बोलणारा माणूस स्वतः दारू सोडलेला असतो, आणि घरच्यांनी केला तर तोही बहुधा "त्यांनाच द्या" म्हणेल. विचारायचं एवढंच: आज मीटिंग आहे का, मराठीत की हिंदीत, कुठल्या गेटने कुठल्या खोलीत, आणि ओपन की क्लोज्ड. क्लोज्ड म्हणजे फक्त पिण्याची अडचण असलेल्यांसाठी. ओपनला वहिनी बसू शकतात. एकट्याने जायचा धीर होत नसेल तर तेही सांगावं, कुणीतरी गेटवर येऊन थांबतं.

फी नाही. मध्येच एक डबा फिरतो, जागेचं भाडं नि चहा त्यातून निघतो. नवीन माणसाने डबा तसाच पुढे दिला तरी चालतं. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. आडनाव, पत्ता, कंपनी कुणी विचारत नाही, तिथलं बोलणं तिथंच ठेवायचं असा दंडक आहे.

साधारण तास-दीड तास चालतं. प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेक जण आपलं शेअरिंग करतो. मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही, उपदेश करत नाही. दादाची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी पुरतं. नवीन माणूस घसरतो ते पुढे: मीटिंग संपली की चप्पल घालून तडक निघतो. खरी ओळख नंतरच्या चहाला होते. तिथं दोन-तीन फोन नंबर घेतल्याशिवाय निघू नये. तलफ रात्री अकराला आली तर मीटिंग नसते, नंबर असतो. "देव" हा शब्द कानाला खटकला तर खटकू दे, देवाची व्याख्या ज्याची त्याने ठरवायची असते. आणि एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक गटाचा तोंडवळा निराळा असतो, पाच-सहा बघाव्यात.

उंबरठा:
वहिनींसाठी ॲल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, वेगळं असतं, दादा जावो न जावो, त्यांनी जावं. येरवड्याच्या मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. अजून एक. डाळीत, चहात गुपचूप मिसळायची "दारू सोडवणारी" पावडर कुणी सुचवली तर हात लावू नका. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असलं, तर ते पोटात असताना दारू गेली की रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

शमीचं_झाड:
खूप आभार. उद्या सकाळी वायसीएम. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्याचं काय? आणि पिऊन घरी आला त्या दिवशी मीटिंगला पाठवायचं का?

पायरी_पायरीने:
पाठवा, पण गाडी स्वतः चालवू देऊ नका. मागे शांत बसून ऐकायचं, बोलायचं नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळची मीटिंग चुकणार, तेव्हा सकाळची किंवा ऑनलाइन मीटिंग हेल्पलाइनलाच विचारून ठेवा. रविवारी शिफ्टचा कागद समोर घेऊन आठवड्याच्या मीटिंगा त्यावर लिहून काढा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही नंबर कागदावर लिहून दादाच्या पाकिटात आणि फ्रिजवर लावा.