दाखल्यावर नुसतं 'आर्ची'? लाडाचं नाव हेच खरं नाव असावं का?

खवचट_आत्या
भाची इंग्लंडमध्ये असते, नवरा तिकडचाच. मुलगा झाला, नाव ठरलंय आर्ची. आर्चिबॉल्ड नाही हं, नुसतं आर्ची! आर्चिबॉल्ड हे जुन्या जर्मानिक मुळांचं नाव, 'अस्सल' आणि 'धीट' असा काहीसा अर्थ, स्कॉटलंडात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. आर्ची हे त्याचं घरात हाक मारायचं रूप. ते घरातच राहू द्यावं. (आपल्याकडे तर आर्ची म्हटलं की लोक मुलगीच समजणार, ते वेगळंच.)

टेम्सकाठचा_बोका
आत्या, फार उशीर केलात. जॅक हे मुळात जॉनचं लाडाचं रूप. तेच १९९५ ते २००८, सलग १४ वर्षं इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलांच्या नावांत पहिलं होतं. २०११ आणि २०१२ला पहिला आला हॅरी, तोही हेन्रीचा. २०२०च्या यादीत आर्ची पहिल्या दहात शिरलं. तिकडे आता याला कुणी टोपणनाव समजत नाही.

हिशोबी_माणूस
२०१९ला राजपुत्र हॅरीने मुलाचं नाव आर्ची ठेवलं, त्याचीच ही लाट. गंमत बघा, बापाचं स्वतःचं नाव हेन्री चार्ल्स अल्बर्ट डेव्हिड! त्याला ऐटीचं नाव मिळालं, पोराला फक्त लाडाचं. आणि वर्गात तीन आर्ची निघाले की 'आर्ची बी', 'आर्ची टी' सुरू.

टेम्सकाठचा_बोका
लाट त्याच्या आधीपासूनची आहे. आल्फी, टेडी, चार्ली सगळे त्याच रांगेतले. राजघराण्याने फार तर जोर दिला.

खवचट_आत्या
आणि उद्या न्यायाधीश झाला तर? 'न्यायमूर्ती आर्ची'?

पोटमाळा
का नाही? जिमी कार्टर यांनी १९७७ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ 'जिमी' म्हणूनच घेतली. कुणी हसलं का?

हिशोबी_माणूस
अहो, पण त्यांच्याकडे जेम्स होतंच की! दोन्ही नावं असताना जिमी वापरणं ही त्यांची मर्जी. या पोराला मर्जीच ठेवली नाही. मोठं नाव कापून छोटं करता येतं, उलटं करायला कागदपत्रं बदलत फिरावं लागतं. माझा विरोध एवढ्यापुरताच. आर्ची नाव कानाला गोडच आहे.

पोटमाळा
हा मुद्दा बरोबर. तरी मोठ्या नावाने सगळं साधतं असंही नाही. हॉलिवूडचा कॅरी ग्रँट १९०४ला ब्रिस्टलमध्ये जन्मला तो आर्चिबॉल्ड म्हणून. पुढे त्याने आर्चीही टाकलं आणि आर्चिबॉल्डही.

खवचट_आत्या
भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणते, "आत्या, आर्चिबॉल्ड म्हणजे मिशा घेऊनच जन्मलेला माणूस वाटतो." नवराही तिच्याच बाजूने. तिथे जन्मनोंदणीला ४२ दिवस असतात आणि मधलं नाव अजून रिकामं आहे. तिथे आजोबांचं 'अनंत' घालायला दोघं तयार झालेत, आता स्पेलिंगवरून भांडण चालू आहे.