भात बंद, भाकरी सुरू, तरी जेवणानंतर साखर 240. काय विचारायचं राहिलंय?

घणसोली_आहारसखी :
घणसोली गावातल्या एका बाईंच्या आहाराबद्दल विचारतेय. वय 52, मधुमेहाला सहा वर्षं, गोळ्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. दीड महिना भात पूर्ण बंद, दोन्ही वेळेला भाकरी, चहा बिनसाखरेचा. उपाशीपोटी 130 च्या आसपास, पण दुपारच्या जेवणानंतर 240 च्या खाली येतच नाही. ताटात दोन भाकऱ्या, मासळीचं कालवण, कधी वालाचं बिरडं. बाई मनापासून पाळतायत, त्यांना पुन्हा "पथ्य पाळा" म्हणवत नाही. पुढच्या भेटीत काय विचारू?

वाटी_आणि_काटा :
ताई, भाकरी कसली ते आधी विचारा. आपल्याकडच्या आगरी-कोळी घरांत भाकरी म्हणजे तांदळाची. आहाराचा तक्ता लिहिणाऱ्याच्या मनात ज्वारी असते आणि वाचणाऱ्याच्या परातीत तांदळाचं पीठ.

आता हिशोब बघा. एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ धरलं तर जवळपास 47 ग्रॅम कर्बोदकं (अन्नातला साखर बनणारा भाग), दोन भाकऱ्यांची 95. मध्यम वाटीभर शिजलेल्या भातात साधारण 30 असतात. म्हणजे भात सोडून त्या एका बैठकीला तीन वाट्या भात खातायत, तोही बारीक दळून, उकड काढून, म्हणजे पचायला आणखी सोपा करून. दोष बाईंचा नाही, तक्त्याचा आहे.

"एका भाकरीला पीठ किती?" असं विचारलंत तर "मूठभर" हेच उत्तर येईल. भाजलेली भाकरी तोलू नका, तिच्यात पाण्याचं वजन असतं. कोरडं पीठ तोला. काटा नसेल तर किलोभर पिठात किती भाकऱ्या होतात ते विचारा, ते बायका अचूक सांगतात. सोळा-सतरा म्हणाल्या तर एक भाकरी साठ ग्रॅमची.

भाकरी पूर्ण बंद करू नका, एकच ठेवा. जागा भरायला बिरड्याची वाटी मोठी करा, कालवणातली एक तुकडी वाढवा, सोबत काकडी किंवा पालेभाजी. ज्वारी-नाचणीला जादू समजू नका. त्यांच्याही 100 ग्रॅम पिठात 65 ते 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. चोथा जास्त म्हणून साखर सावकाश चढते, इतकंच. पीठ तिथंही मोजायचंच.

गोळी_आधी_बघा :
वरचं सगळं बरोबर, पण एक भाकरी कमी करायच्या आधी डॉक्टरांना कळवा. ग्लिमेपिराइड पोटात अन्न कमी गेलं तरी इन्सुलिन सोडायला लावतंच. कर्बोदकं एकदम निम्मी केलीत आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर फार खाली जाईल: संध्याकाळी ठाणे-वाशी गाडीत उभ्या असताना घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी.

पर्समध्ये ग्लुकोज पावडर ठेवायला सांगा. साखर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर काहीतरी खायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

गोळीचं पाकीटही मागवून बघा. या दोन औषधांबरोबर वोग्लिबोझ एकाच गोळीत असलेली मिश्रणं सर्रास मिळतात. तसं असेल तर घरातली साखर किंवा बिस्कीट उपयोगी पडायला वेळ लागतो, कारण ते औषध साखर फोडणंच लांबवतं. तिथं ग्लुकोजच हवं.

ऐरोली_तपासणी :
240 कधी मोजलं? दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, हात धुतल्यापासून नाही. जेवणाआधी एक आणि दोन तासांनी एक, अशा जोड्या तीन दिवस घ्या. ताट तेच, फक्त भाकरीचा आकडा बदला. 130 वरून 240 आणि 130 वरून 185 हे बाईंनी स्वतः यंत्रावर पाहिलं की वेगळं समजवावं लागत नाही.

घणसोली_आहारसखी :
फोन करून विचारलं. भाकरी तांदळाचीच, किलोत पंधरा होतात. पाकिटाचा फोटो मागवलाय, गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलूनच ताट बदलते.