फिरत्या वहीत 'छान, छान'च्या पुढे कसं जायचं? (इंदिरानगर, नाशिक, बजेट 500)

इंदिरानगरकर: सोसायटीतल्या 12 घरांत फिरती वही आहे. ज्याला सुचेल तो लिहितो, बाकीचे खाली अभिप्राय देतात. पण येतं काय, तर 'छान', 'अप्रतिम', 'वरीलप्रमाणेच'. नव्याने आलेली तीन कुटुंबं तर वही तशीच पुढे ढकलतात. माणसं एकमेकांशी बोलती व्हावीत, एवढंच हवंय. 500 रुपयांत बसेल असं सुचवा.

कॉलेजरोडवाला: वही कसली, प्रोजेक्टर घ्या! आमच्याकडे दहा हजारांत आला. झक्कास.

इंदिरानगरकर: 500, भाऊ.

कॉलेजरोडवाला: मग हप्त्याने घ्या.

पंचवटीची_ताई: 200 पानी लाँगबुक आणा. मजकूर उजव्या पानावर, डावं पान पूर्ण कोरं. दोन ओळींची जागा सोडली तर माणूस दोनच शब्द लिहिणार. आणि शेवटी लेखकाने एक नेमका प्रश्न टाकायचा: 'आजी दुसऱ्या परिच्छेदात एकदम चिडते, ते पटतं का?' याला 'छान' हे उत्तर बसतच नाही.

ऱ्हस्वदीर्घ: शुद्धलेखनाचं काय? वहीसोबत लाल पेन द्या. लोक सर्रास 'सुरवात' लिहितात.

पंचवटीची_ताई: लाल शाई दिसली की नवं माणूस पुन्हा लिहीत नाही. चुका वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने, फक्त लेखकाला.

ऱ्हस्वदीर्घ: 'सुरुवात'. एवढंच म्हणतो.

सातपूर_शिफ्ट: हिशेब करा. घरटी 3 दिवस, 12 घरं, म्हणजे फेरी 36 दिवसांची. शेवटचा अभिप्राय येईपर्यंत आपण काय लिहिलं होतं हे लेखकच विसरतो. दोन वह्या करा, सहा-सहा घरं, 18 दिवसांत फेरी पूर्ण. दर फेरीला घरं बदला, नाहीतर दोन कंपू होतील.

दुसरं, वरचा अभिप्राय दिसला की खालचे त्याचीच री ओढतात. मागच्या पुठ्ठ्याला आतून पाकीट डकवा. प्रत्येकाने आपली चिठ्ठी दुमडून त्यात टाकायची. फेरी संपली की लेखकाने सगळ्या चिठ्ठ्या डाव्या पानावर चिकटवायच्या आणि प्रत्येकीखाली एक ओळ उत्तर लिहायचं. हे उत्तर द्यायचं राहिलं की पुढच्या फेरीत पाकीट रिकामं.

गोदाकाठ: सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे, तिथले सभासद व्हा की सगळे! वही हवीच असेल तर 200 पानी लाँगबुक घ्या.

पंचवटीची_ताई: तेच तर वर सांगितलं.

सटाण्याची_सून: नव्यांना लेख मागू नका, आधी मत मागा. वही चपलांच्या स्टँडवर ठेवून पळू नका, हातात द्या आणि पान उघडून द्या. घर बागलाणातलं असेल तर 'या पानावरचा अहिराणी शब्द बरोबर आहे का?' एवढंच विचारा. चहा होईपर्यंत उत्तर येतं. पावसाळ्यात प्लास्टिकचं फोल्डर, आणि बॉलपेनच. शाईपेनाचं लिखाण पाण्याने पसरतं. लिफ्टजवळ वही कधीच ठेवू नका, तिथे कोणी थांबत नाही.

कॉलेजरोडवाला: प्रोजेक्टरला पावसाचा त्रास नाही.

इंदिरानगरकर: सगळ्यांचे आभार. ठरलं. वही फिरवणं बंद. लिफ्टशेजारच्या टेबलावर साखळीने बांधून ठेवतोय, चिठ्ठ्या नाहीत, सगळं उघड. लेखकाचा प्रश्न मात्र घेतला. उरलेल्या पैशांत शेव-चिवडा.

सातपूर_शिफ्ट: मग विचारलं कशाला?

पंचवटीची_ताई: पेनही बांधा.