रि: ब्रूनोसाठी घर हवंय

हिक्सव्हिलहून:

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये आम्ही कायमचे पुण्याला चाललोय. आमचा कुत्रा ब्रूनो म्हातारा झालाय, चार पायऱ्या चढला की धापा टाकतो, त्याला विमानात घालायचा धीर होत नाही. त्याला घ्यायचं म्हणून न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सच्या एका गृहस्थांचा फोन आला होता, बोलायला गोड आहेत. पण प्राण्यांना छळणाऱ्यांची म्हणे सरकारी यादी असते, असं हिनं कुठंतरी ऐकलंय. ती कुठं बघायची?

स्मिथटाउनहून:

दादा, यादी एक नाही, बऱ्याच आहेत, आणि गोम तिथंच आहे. पहिली आमच्या सफक कौंटीची, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या जिल्ह्याची. ऑक्टोबर 2010 मध्ये कौंटीनं तसा कायदा केला, अमेरिकेत तोवर अशी यादी कुठंच नव्हती. प्राण्यांशी क्रूरतेबद्दल दोषी ठरलेल्या सज्ञान माणसानं नाव, टोपणनावं, पत्ता आणि फोटो द्यायचा. नाव पाच वर्षं राहतं, वर दरवर्षी 50 डॉलर त्याच्याच खिशातून. हा भाग मला फार आवडतो! ही यादी कुणालाही बघता येते. तुमच्या नॅसॉ कौंटीचीही आहे.

पण हे गृहस्थ पडले क्वीन्सचे. न्यूयॉर्क शहराचा 2014 चा कायदा आणखी कडक आहे. यादीतल्या माणसाला प्राणी पाळायलाच बंदी, पहिल्या वेळी पाच वर्षं, पुन्हा दोषी ठरला तर दहा. फक्त ती यादी जनतेला खुली नाही. शेल्टर, म्हणजे बेवारस प्राण्यांची आश्रयघरं, आणि पेट शॉपवाल्यांनी जनावर देण्याआधी ती बघायची. तुम्ही ना शेल्टर, ना दुकान. म्हणजे फुकट, बिनकागदाचं जनावर जिथून मिळतं ती वाट मोकळीच.

एडिसनहून:

मला हे नाव चव्हाट्यावर आणणं पटत नाही. शिक्षा भोगली, विषय संपला. त्याच पत्त्यावर त्याची बायकामुलंही राहतात ना? अर्थात आपल्याकडे भारतात दुसरंच टोक. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. पार्किंगवाला याहून जास्त घेतो.

स्मिथटाउनहून:

काका, अर्धं पटलं. प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी झटणाऱ्या एएसपीसीएसारख्या मोठ्या अमेरिकन संस्थेलाही या याद्यांचा फारसा उपयोग वाटत नाही. कौंटीची हद्द ओलांडली की यादी मागे राहते. टेनेसीनं 2016 पासून राज्यभराची यादी केली, पण राज्यालाही हद्द असतेच.

मी शेल्टरमध्ये शनिवारी जाते. एका घरातून मांजरं सोडवून आणली होती, नखं वाढून गोल वळून पंजाच्या गादीत रुतलेली. कापताना एकही ओरडलं नाही, इतकी गळून गेली होती. पुढच्या हिवाळ्यात त्याच घरातून दुसरी खेप आली. बाई मांजरं रस्त्यावरून उचलून आणायच्या, त्यांना कुठल्या दुकानाची यादी अडवणार? तिथं कोर्टाचा हुकूमच लागतो. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात ती सोय आहे: दोषी ठरलेल्यानं, आणि त्याला साथ देणाऱ्या घरातल्या माणसानंही, न्यायाधीश ठरवतील तितका काळ जनावर बाळगायचं नाही. गाईगुरं मात्र यातून वगळलीत, ते का ते कळायला शेतकरी असायला नको.

आणि काका, 50 रुपयांना सगळेच हसतात, पण त्याच कायद्याचं कलम 29 वाचा. जनावर पुन्हा छळात सापडेल असं दिसलं तर कोर्ट ते मालकाकडून काढून घेऊ शकतं, वर त्याला ठरावीक काळ किंवा कायमचं जनावर बाळगायला मनाई करू शकतं. भरतनाट्यमच्या नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला, त्यातून हा कायदा आला. दंड जुना झाला, कलम नाही. 2024 पासून जनावर मारणं, लुळं करणं याला भारतीय न्यायसंहितेच्या 325 कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, ते वेगळंच. आपल्याकडे असा खटला उभा राहिला तर वकिलाकडून कलम 29 चा अर्ज करवून घ्या. न मागता कोण देतंय?

दादा, त्या गृहस्थांना आधीच्या कुत्र्याच्या डॉक्टरांचं नाव विचारा आणि तिथं स्वतः फोन लावा. घर बघितल्याशिवाय पट्टा हातात देऊ नका. 'जमलं नाही तर परत आम्हालाच', एवढं लिहून सही घ्या, आणि तुम्ही पुण्यात असाल म्हणून खाली माझा नंबर टाका. सहीला काचकूच केली तर नकार कळवून मोकळे व्हा.

हिक्सव्हिलहून:

ताई, कागदाचा नमुना पाठवता का? रविवारी यायचं म्हणतायत ते.